इंजिन जाम नाही

किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज यायचा आणि पुढं काही नाही. इलाही मिस्त्रींनी ती पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. टक्. टक्. मग केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ते म्हणाले, “शेट, गाडी रुसलीया.”

“रुसली तर समजूत काढा की. त्यासाठीच आणलंय तुमाला.”

चौगुले शेट दारातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मिरजेचे. जुन्या गाड्या घेण्याचा त्यांचा धंदा. पांढरा सदरा, पांढरी विजार, आणि आपल्याला धूळ लागत नाही याची खात्री असलेला चेहरा. त्यांच्या शेजारी माझे तात्या, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, विक्रीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन उभे होते.

“परवा मांडव घालायला मी सोता गाडी मागं घेतली,” तात्या म्हणाले. “एका सेल्फात लागली. आता काय झालं हिला?”

आदल्या दिवशी अप्पांचं तेरावं झालं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, यशवंत म्हेत्रे. कवठेमहांकाळच्या वेशीवर आमचं घर आणि घराला लागून त्यांचा ट्रक. आयुष्यभर त्यांनी हळद आणि बेदाणा वाहिला. नागजच्या घाटात छातीत दुखायला लागल्यावर त्यांनी गाडी डाव्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागून येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरनं त्यांना त्याच गाडीतून घरी आणलं. पहिल्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक जण एक वाक्य बोलून जायचा: ही गाडी आता दारात नको. तात्यांनी सुतकातच गिऱ्हाईक बघितलं. मी कराडला कॉलेजात इतिहास शिकवत होते. ट्रकचं मी काय करणार होते? सही करते म्हणाले. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. आमच्याकडं त्याला होच धरतात.

त्या सकाळीला आता बरीच वर्षं झाली. आई गेल्यालाही महिना झाला. हे लिहू का म्हणून विचारण्यासारखं कुणी उरलं नाही.

“बॅटरी उतरली आसंल,” चौगुले म्हणाले.

मिस्त्रींनी मला हेडलाइटसमोर उभं केलं. “ताई, बघा हां.” त्यांनी दिवे लावले आणि किल्ली फिरवली. दिवे लख्ख होते, ‘टक्’ झालं तसे ते एकदम पिवळे पडले आणि किल्ली सोडताच पुन्हा लख्ख झाले.

“मंद झाले,” मी सांगितलं.

“म्हंजे बॅटरी ताकद देतीया. स्टार्टर बी घेतोय. फिरायचं ते फिरंना.” ते खाली उतरले, स्टार्टरच्या दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवला. ठिणगी उडाली. टक्. त्यांनी मान हलवली. गाडीखाली सरकून त्यांनी इंजिनामागच्या चाकावरची पत्र्याची पट्टी खोलली आणि चाकाच्या दात्यांत लोखंडी पहार अडकवली. त्यांच्या दंडाच्या शिरा मला वरून दिसत होत्या. पहार वीतभर सरकली आणि दगडावर बसावी तशी बसली.

मिस्त्री अंग झटकत बाहेर आले. “शेट, इंजिन जाम हाय.”

चौगुले खुर्चीतून उठले नाहीत, फक्त पुढं झुकले. त्यांचा चेहरा पडला नाही, हे मी पाहिलं. “तात्या, मग आपला आधीचा शब्द संपला. जाम इंजिन मी डोक्यावर घेऊन नाचू का? भंगाराच्या भावानं देत आसाल तर क्रेन बोलवतो. मिरजेत न्हेऊन कापतो. आजच्या आज दार मोकळं.”

“कापणार?” मी विचारलं.

“मग काय पुजणार, ताई?” ते हसले. “आता खरं बोलतो, राग मानू नका. इंजिन असं उगाच धरत न्हाई. मालकानं ऑइल बघितलं नसणार. म्हाताऱ्या मानसाचा हात चालत नसतोय, डोळं चालत नसतंय. गाडी बिचारी कोरडी पळाली.”

मी चहाचे कप गोळा करत होते. ते परत पायरीवर ठेवले.

अप्पा पहाटे दात घासायच्या आधी ऑइलची पट्टी ओढून बघायचे. जेवायला बसले की त्यांच्या नखांतला काळा रंग भातात उतरेल म्हणून आई त्यांना चमचा द्यायची, आणि ते तो बाजूला ठेवायचे. लहानपणी सुटीत मी त्यांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायला बसायची. त्यांना मुलगा नव्हता म्हणून नव्हे, मला ऑइलचा वास आवडायचा म्हणून. सही करायला माझी हरकत नव्हती. पण हे वाक्य गाडीबरोबर मिरजेला जाणार होतं. उद्या अड्ड्यावर चहा पिताना चौगुले ते चार जणांना सांगणार होते.

“पट्टी ओढून बघितलीत का?” मी मिस्त्रींना विचारलं.

“आं?”

“ऑइलची पट्टी.”

“शैला,” तात्या म्हणाले, “तू आत जा बरं. कप ने.”

मी बॉनेटच्या कडेनं आत हात घातला. पट्टी कुठं आहे हे हाताला आठवत होतं. ओढून पदराला पुसली, परत घातली, परत ओढली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. मी ती पट्टी चौगुल्यांच्या नाकासमोर धरली. ते सदरा सावरत मागं सरले.

“ऑइल हाय हे मान्य,” मिस्त्री म्हणाले. ते माझ्याकडं आता जरा निराळ्या नजरेनं बघत होते. “पण पंप गेला तर वर चढत न्हाई, ताई. ऑइल आसून बी इंजिन धरतं.”

“परवा चाललेलं इंजिन उभ्या जागी धरतं?”

“गरम धरलं आन् थंड झाल्यावर चिकटलं, असं बी होतं.”

“मग उलटं फिरवून बघा.”

“काय?”

“पहार. तुम्ही पुढं फिरवलीत. मागं फिरवा.”

चौगुले मोठ्यानं हसले. “तात्या, पुतणी मास्तरीण हाय का मिस्त्री हाय? आता हिला बी मजुरी द्यावी लागंल.”

मिस्त्री हसले नाहीत. ते पुन्हा गाडीखाली गेले. पहार उलट्या बाजूनं लावली. चाक मागं फिरलं. वीतभर नाही, चांगलं फिरत गेलं आणि मग पुन्हा तसंच बसलं. त्यांनी पुढं फिरवलं. फिरलं, बसलं. मागं फिरवलं. फिरलं, बसलं. 

“धरलेलं इंजिन असं झोके घेतं का, मिस्त्री?” मी वाकून विचारलं.

“न्हाई घेत.” त्यांचा आवाज बदलला होता. “धरलं तर तसूभर हलत न्हाई. हे फिरतंय आन् एका जागी अडतंय. आत कायतरी हाय ताई. पिस्टनच्या डोक्यावर कायतरी बसलंय.” ते सरकत बाहेर आले. “शेट, नोझल खोलतो.”

“कशाला? क्रेनवाल्याला फोन करा.”

“खोलतो,” मिस्त्री म्हणाले आणि पाना शोधायला वळले.

डिझेल आत सोडणारी ती नोझलं एकेक करून बाहेर आली. मी ती फडक्यावर ओळीनं मांडत गेले. अप्पांची तीच पद्धत, कुठलं कुठल्या जागेचं ते चुकायला नको. इंजिनाच्या डोक्यावर आता फक्त उघडी भोकं होती. चौगुल्यांना राहवलं नाही. ते उठून आले आणि बॉनेटवर वाकले. “काय मुंग्यांचं वारूळ हाय का आत?”

“शेट, जरा बाजूला व्हा,” मिस्त्री म्हणाले आणि किल्ली फिरवली.

इंजिन गरकन फिरलं. टक् नाही, अडखळणं नाही. आणि उघड्या भोकांतून पाणी उडालं. एकामागून एक पिचकाऱ्या, बॉनेटच्या वर, लिंबाच्या फांदीपर्यंत. काळपट पाणी. चौगुले शेट डोळे मिटून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांच्या सदऱ्यावरून काजळीचे ओघळ उतरत होते.

मिस्त्री खिडकीतून बघत होते. “धुळवड लई लवकर आली, शेट.”

मी हसले. तेरा दिवसांत पहिल्यांदा. लगेच तोंडावर हात ठेवला.

“पानी दाबलं जात न्हाई,” मिस्त्री खाली उतरत कुणाला तरी सांगितल्यासारखं बोलले. “हवा दाबती, पानी न्हाई. पिस्टन वर यायचा आन् पान्यावर थटायचा. इंजिन जाम न्हाई. इंजिन अस्सल हाय.” मग कपाळाला आठी घालून म्हणाले, “पण पानी आलं कुठनं?”

“हेड फाटलं असंल, रेडिएटरचं पानी आत आलं असंल,” चौगुले रुमालानं तोंड पुसत म्हणाले. हेड फाटलं तर भाव पुन्हा खाली येणार होता.

मी रेडिएटरचं झाकण उघडलं. काठोकाठ भरलेला होता. “इथलं पाणी इथंच आहे.”

“मग वरनं आलं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी नजर वर नेली. कच्च्या रस्त्याची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून अप्पांनी हवा ओढणारा पाइप वाढवून केबिनच्या टपाच्याही वर नेला होता. “ह्याच्यावर टोपी नसती का?”

टोपी होती. तुपाचा एक पत्र्याचा डबा उलटा टांगलेला असायचा, खालून हवा जाईल इतकी फट ठेवून, तारेनं चारी बाजूंनी बांधलेला. अप्पा ती तार पकडीनं पिळून बांधायचे. वादळातसुद्धा तो डबा उडाला नव्हता.

“काल वहिनींनी गाडी धुतली,” तात्या म्हणाले. “सुतक फिटलं, घर सारवलं, मग म्हणाल्या गाडी बी शुद्ध करायची, त्यांचं कलेवर आलंय हिच्यातनं. पोरं लावतो म्हणालो तर न्हाई, सोता टपावर चढल्या. या वयात! अख्खी गल्ली बघत हुती. तेव्हा गेलं आसंल पानी. बाईमाणूस, तिला काय म्हाईत.”

मी टपावर चढले. पाइपाचं तोंड उघडं होतं. डबा टपाच्या कोपऱ्यात आडवा ठेवलेला होता, घरंगळू नये म्हणून एका बाजूला दगड लावून. शेजारी तार होती. ती तुटलेली नव्हती. धक्क्यानं सुटलेलीही नव्हती. तिचे पीळ एकेक करून उलगडलेले होते आणि मग ती तार नीट गोल गुंडाळून ठेवली होती, बांगडीएवढी. तिच्याजवळ अप्पांची पकड.

मी मान वर केली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पीठ. ती माझ्याकडंच बघत होती आणि तिनं नजर काढून घेतली नाही.

मी खाली उतरले. “धुतानाच गेलं असणार,” मी म्हणाले.

 मिस्त्रींनी एअर क्लीनर खोलून त्यातलं पाणी आणि ऑइल ओतून दिलं. पट्टी पुन्हा ओढून पाहिली. ऑइलमध्ये दुधाळपणा नव्हता, म्हणजे पाणी खाली उतरलं नव्हतं. भोकं कोरडी होईपर्यंत इंजिन फिरवलं. मी फडक्यावरची नोझलं क्रमानं देत गेले. त्यांनी ती बसवली, हातपंपानं डिझेल चढवलं आणि किल्ली माझ्यापुढं धरली.

“तुमी मारा सेल्फ.”

मी केबिनमध्ये चढले. सीट मधोमध खचलेली होती. मी तिच्या कडेला बसून किल्ली फिरवली. गाडी खोकली, पांढऱ्या धुराचा लोट अंगणात पसरला, कोंबड्या ओरडत पळाल्या. मग आवाज बसत बसत तो जुना आवाज आला. लहानपणी तो आवाज रस्त्याच्या वळणावर ऐकू आला की आई चुलीवर तवा टाकायची.

चौगुले शेट धुरात उभं राहून ऐकत होते. ओला सदरा ते विसरले होते. “आवाज झकास हाय,” ते तात्यांना म्हणाले. “आधीचा शब्द कायम. चला, सह्या उरकू.”

तात्यांनी पिशवीतून कागद काढले आणि बॉनेटच्या कडेवर पसरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनाही तो आवाज ओळखीचा होता. “शैला, आधी तू कर. मग वहिनींचा अंगठा घेऊ.”

“आई सही करते, तात्या.”

“बरं, सही.”

मी पेन उघडलं. आई पायऱ्या उतरून आली होती. आवाजामुळं की कशामुळं कोण जाणे, ती गाडीच्या अगदी जवळ, मडगार्डला हात लावून उभी होती. हाताचं पीठ पत्र्याला लागलं होतं.

“आई, अप्पांची तार कुणी सोडली?”

तात्या म्हणाले, “आता ते कशाला काढतीस? धुताना—”

“मी सोडली,” आई म्हणाली.

“डबा घासायला?”

“न्हाई.”

इंजिन चालू होतं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. माझ्या आईला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

“वळीव आला की हे अंथरुणातनं उठून पयलं बाहेर पळायचे. पायपावर डबा हाय का बघायचे. मग घरात यून बघायचे, कुठं गळतंय का. तीस वर्सं बघितलं मी. पानी आत गेलं की गाडी जागची हलत न्हाई, एवढं मला कळलं नसंल का?” ती तात्यांकडं वळली. “मी वतलं. भरून भरून वतलं.”

मिस्त्री हातातला पाना पुसत राहिले. चौगुले एकदा तिच्याकडं आणि एकदा आपल्या सदऱ्याकडं बघत होते.

“आवं पण वहिनी,” तात्यांचा आवाज चिरकला, “नको हुतं तर बोलायचं! आमी काय राक्षस हाय का?”

“मला कुणी इचारलं?”

 तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी पेनकडं.

“तुमच्याच भल्यासाठी चाललंय हे,” ते मग हळू आवाजात म्हणाले. “ज्या गाडीत माणूस गेला ती दारात ठिवू ने. उद्या आनखी काय झालं तर लोक मला नावं ठेवतील.”

“घरात गेले असते तर घर इकलं असतं का भाऊजी?”

 आईनं मडगार्डवरचा हात काढला नव्हता.

“मावशी,” चौगुले पुढं झाले. आवाज एकदम मऊ, गिऱ्हाइकाचा. “गाडी भाकरी मागत न्हाई, डिझेल मागती. टायर मागती. पासिंग, परमिट, पोलीस. हे बाईमाणसाचं काम न्हाई. चालवणार कोण? तुमी? का ह्या मास्तरीण बाई?”

“ड्रायव्हर ठेवीन.”

“ड्रायव्हर डिझेल चोरतो मावशी. बाई मालक म्हटलं की दुप्पट चोरतो.”

“चोरू दे की,” आई म्हणाली. “यांच्याकडचं बी चोरत हुते. कोण किती चोरतं ते मला घरात बसून कळायचं, यांना गाडीत बसून कळत नव्हतं.”

मिस्त्री खो खो हसले. मग चौगुल्यांचं तोंड बघून खोकल्यासारखं केलं.

मी पेनाला टोपण लावलं. कागद गोळा केले, त्यांच्या कडा जुळवल्या आणि तात्यांच्या हातात दिले.

“मी सही करत नाही, तात्या.”

“सकाळी करते म्हनालीस!”

“सकाळी इंजिन जाम होतं.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता हात उचलतील. नाही उचलला. त्यांनी कागद पिशवीत कोंबले. “दोघी मिळून कराल ते भोगा,” असं म्हणून ते फाटकातून बाहेर पडले. वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. मग मुलाच्या लग्नाचा मांडव आणायला गाडी हवी होती तेव्हा आले. आईनं ती दिली, आणि भाडं घेतलं.

चौगुले शेट जायला निघाले. “इलाही, चला. दिवस वाया. वर धोबी.”

“तुमी व्हा पुढं, शेट,” मिस्त्री म्हणाले. “मी हात धुतो.”

हात धुऊन त्यांनी टपावर चढून डबा जागेवर ठेवला आणि तार पिळली. उतरल्यावर पकड आईच्या हातात दिली. “वयनी, गाडी घटकाभर चालू ठिवा. आतली ओल जळून जाऊ दे. आन् पुन्हा कधी थांबवायची असली तर मला सांगा. पानी नको. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला असता तर मी बी काय करू शकलो नसतो.”

“वाकला न्हाई न्हवं?”

“न्हाई वाकला.”

“मग झालं,” आई म्हणाली.

ते गेले. दारात आम्ही दोघी आणि तो आवाज. धूर पांढऱ्याचा निळसर झाला आणि मग दिसेनासा झाला. आईनं पदर खोचला, लोखंडी पायरीवर पाय ठेवला आणि ती केबिनमध्ये चढली. तिची जागा नेहमी डाव्या बाजूची, यात्रेला जायचं तर, माहेरी जायचं तर. ती उजवीकडं बसली, त्या खचलेल्या सीटवर, मधोमध. पाय खाली पोचत नव्हते. मी दुसऱ्या बाजूनं चढले.

ती बराच वेळ समोरच्या काचेतून बघत राहिली. काचेपलीकडं फक्त आमच्या घराची भिंत होती.

“शैले,” ती म्हणाली.

“काय?”

“ही बंद कशी करत्यात गं?”

मी तिच्याकडं पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

“किल्लीनं नाही होत. हे बघ, इथं.” डॅशबोर्डखालचा बंद करायचा दांडा मी तिला दाखवला. त्याचा काळा गोळा अप्पांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झाला होता. “हा ओढायचा. पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायचा.”

तिनं त्यावर हात ठेवला. पीठ वाळून तिच्या बोटांना पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. इंजिनाच्या थरथरीनं तो बांगड्यांविना हात हलत होता.

“ओढू?” मी विचारलं. “घटकाभर झाली.”

“न्हाई,” आई म्हणाली. “ठावं आसावं म्हनून इचारलं. चालू ऱ्हाऊ दे.”